पेला कोणता, वाटी कोणती ?

एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचा नातू सहा वर्षांचा असून तो स्वमग्न आहे, असें डॉक्टरांनीं दोन वर्षांपूर्वीं सांगितलें. त्याला शिकवावयास घरीं एक बाई येतात. त्या पेला, वाटी व चमचा अशा तीन वस्तू पुढें मांडतात आणि 'पेला दे' म्हणतात. सोमवारीं मुलानें दहांपैकीं नऊ वेळां पेलाच दिला. मंगळवारीं मात्र तीनच वेळां. 'त्याला सारें कळतें, पण तो हट्टानें करीत नाहीं, दोन चापट्या द्याव्या, असें ह्यांचें म्हणणें. त्याला कळतच नाहीं, उगीच त्याचा छळ कशाला, असें सूनबाईंचें म्हणणें. खरें कोणाचें तें आपण सांगावें,' अशी त्यांची विनंति आहे.

आमच्या मतें खरें कोणाचेंच नाहीं, आणि तें ठरविण्यास मानसशास्त्राचीही गरज नाहीं. साधें अंकगणित पुरे. तीन वस्तूंतून डोळे मिटून एक उचलली तरी दहांत तीन-चार वेळां ती बरोबर येणारच. म्हणजे मंगळवारचे तीन हे निव्वळ योगायोगाचे. मुलाला कळत असून तो हट्टानें चुकला असता, तर तो योगायोगापेक्षांही वाईट चुकला असता. दहांत एकदांही पेल्याला त्यानें हात लावला नसता. उलटपक्षीं, त्याला कांहींच कळत नसतें तर सोमवारचे नऊ आले कोठून ? तेव्हां सोमवारीं त्याच्याजवळ एक खूण होती व मंगळवारीं ती नाहींशी झाली, एवढेंच यावरून निघतें. ती खूण कोणती, हें शोधणें हें शिक्षकाचें काम.

स्वमग्नता म्हणजे काय, याचा येथें विस्तार करीत नाहीं. बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून ह्या अवस्थेला वैद्यकांत स्वतंत्र नांव आहे. पुढल्याच वर्षीं व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर यांनींही अशाच मुलांविषयीं लिहिलें. आईच्या मायेंत उणें पडल्यामुळें मूल असें होतें, हें मत मध्यंतरीं कित्येक वर्षें पाश्चात्य देशांत चाललें आणि त्यानें असंख्य मातांना विनाकारण रडविलें. आज तें मत कोणीही जाणता वैद्य धरीत नाहीं. आपल्याकडे मात्र घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडीं तें अद्याप ऐकूं येतें, म्हणून हा उल्लेख. आपल्या देशांतील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे, हेंही अशा घरांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां मूळ विषय. ज्यांनीं बाळपणीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह घोकला असेल, त्यांना गायीच्या लक्षणाची चर्चा आठवेल. गाय कशावरून ओळखावी ? कपिल रंगावरून म्हणावें, तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ति. शिंगांवरून म्हणावें, तर म्हैसही आंत येते, ही अतिव्याप्ति. गळ्याखालीं लोंबणारी पोळी म्हणजे सास्ना, हें खरें लक्षण. तें सर्व गायींत असतें आणि गायींवांचून इतरांत नसतें. आम्हीं हें शिकलों तेव्हां ती पंडितांची डोकेफोड वाटे. परंतु लहान मूल पहिला शब्द शिकतें तेव्हां नेमकें हेंच करीत असतें. आपण 'पेला' म्हणतों आणि एका वस्तूकडे बोट करतों. त्या वस्तूला रंग आहे, चकाकी आहे, उंची आहे, ती ताटाच्या उजवीकडे आहे, तिच्यावर खिडकीचा उजेड पडला आहे. यांपैकीं पेलेपण कशांत, हें मुलाला कोणी सांगत नाहीं. बहुतेक मुलें दहा-वीस अनुभवांनंतर आपलें आपण लक्षण बांधतात. स्वमग्न मुलापैकीं पुष्कळांना तें जमत नाहीं, आणि त्यांनीं एकदां भलतेंच लक्षण धरलें कीं तें सुटत नाहीं.

याचा सर्वांत जुना आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत हृद्य दाखला फ्रान्सांतील आहे. १८०० च्या जानेवारींत आव्हेरों प्रांतांतील सें-सेर्नें गांवाजवळ रानांतून एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा बाहेर आला. त्याला भाषा येत नव्हती, माणसांची ओढ नव्हती. त्याच वर्षीं त्याला पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेंत आणलें आणि इटार्ड नांवाच्या एका तरुण डॉक्टरानें त्याला शिकविण्याचें हातीं घेतलें. मुलाचें नांव त्यानें व्हिक्टर ठेविलें. हा मुलगा स्वमग्न होता असें अलीकडील कांहीं विद्वानांना वाटतें. इतरांना तें मान्य नाहीं. तो वाद बाजूला ठेवला तरी इटार्डनें १८०१ व १८०६ सालीं लिहिलेले दोन वृत्तान्त प्रत्येक शिक्षकानें वाचावे असे आहेत.

इटार्डनें फळ्यावर किल्ली, कातर, हातोडा अशा वस्तूंच्या आकृति काढल्या आणि प्रत्येक आकृतीखालीं ती ती वस्तु टांगली. मग सर्व वस्तू काढून मुलाच्या हातीं दिल्या. मुलानें त्या भराभर आपापल्या जागीं टांगल्या. दुसरा कोणी असता तर तेथेंच समाधान मानून मोकळा झाला असता. इटार्डनें आकृतींच्या जागा बदलल्या. मुलानें वस्तू पूर्वीच्याच क्रमानें टांगल्या, आकृतींकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं ! तो चित्र पाहत नव्हता, जागा पाठ करीत होता. नवी मांडणीही तो चटकन् पाठ करी. तेव्हां इटार्डनें चित्रांची संख्या वाढविली व जागा इतक्या वेळां बदलल्या कीं स्मरणशक्तीच थकून गेली, आणि मगच मुलगा वस्तु व आकृति यांची तुलना करूं लागला. दोनशें वर्षांपूर्वीं, कोणतेंही शास्त्र हाताशीं नसतांना, एका तरुणाला हें सुचावें याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

पुढें शब्दांची पाळी आली. 'पुस्तक' हा शब्द व्हिक्टर शिकला, पण त्याचें पुस्तक म्हणजे त्याच्या खोलींतील तें एकच पुस्तक. तें कुलुपांत ठेविलें असतां शेजारीं दुसरें पुस्तक पडलेलें असूनही त्याला तें पुस्तक वाटेना. ही शुद्ध अव्याप्ति. इटार्डनें मोठ्या कष्टानें ती घालविली, तों मुलगा दुसऱ्या टोकाला गेला. कागदाचा गठ्ठा, वही, वर्तमानपत्र, सर्व त्याला पुस्तकच. सुरी आणि वस्तरा एकच. ही अतिव्याप्ति. अन्नंभट्टानें गायीवर सांगितलेले दोन्ही दोष त्या मुलानें क्रमानें करून दाखविले.

आतां अलीकडचें. कॅलिफोर्नियांतील लॉस एंजलिस येथील विद्यापीठांत लोव्हास, श्राइबमन आदि संशोधकांनीं १९७१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिवा, आवाज आणि पायाला हलका दाब, या तिन्ही गोष्टी एकाच वेळीं झाल्या कीं एक दांडी दाबावयाची, असें मुलांना शिकविलें. मग तिन्ही गोष्टी एकेक करून दिल्या. सामान्य मुलें तिहींनाही सारखींच प्रतिसाद देत. स्वमग्न मुलें बहुधा एकाच गोष्टीला प्रतिसाद देत, कोणी आवाजाला, कोणी दिव्याला. बाकीच्या दोन गोष्टी त्यांच्या लेखीं नव्हत्याच. पण तीच दुर्लक्षिलेली गोष्ट पुढें एकटीच घेऊन शिकविली, तर ती त्यांना शिकतां येई. म्हणजे कान बहिरे नव्हते, डोळे अधू नव्हते. अनेक गोष्टी एकत्र आल्या असतां एकीवरच मन खिळत होतें. दोन वर्षांनीं त्यांतल्याच दोघांनीं बाहुला व बाहुली यांतील भेद अशा मुलांना शिकवून पाहिला. भेद तर तीं शिकलीं. पण पुढें बाहुल्यांचे कपडे, बूट इत्यादि एकेक बदलून पाहतां असें दिसलें कीं एखाद्या मुलाची सारी ओळख बुटांवरच उभी होती. बूट काढले कीं बाहुला कोणता आणि बाहुली कोणती, हें त्याला कळेना. मग आईनें चष्मा काढला किंवा केस मोकळे सोडले तर असें एखादें मूल बावचळून जातें, यांत आश्चर्य कसलें ? हा प्रकार केवळ स्वमग्न मुलांपुरताच नाहीं, ज्यांची समज वयाच्या मानानें मागें आहे अशा इतर मुलांतही तो आढळतो, असें पुढील संशोधनानें दाखविलें आहे.

म्हणून या मुलांची दृष्टि मंद असते असा कोणी समज करून घेऊं नये. अमिता शाह व उटा फ्रिथ यांनीं १९८३ सालीं दाखविलें कीं गुंतागुंतीच्या चित्रांत दडलेली लहान आकृति शोधण्यांत स्वमग्न मुलें चांगलीच तरबेज असतात. भिंतीवरील पोपडा कालच्यापेक्षां नखभर वाढला, हें घरांत प्रथम त्यांच्या ध्यानांत येतें. भेद त्यांना दिसतात, आपल्यापेक्षां अधिकच दिसतात. त्यांतला कामाचा कोणता, हें तेवढें कळत नाहीं.

आमच्या परिचयांतील एका घरीं अशा मुलाच्या पाठास आम्ही चार-पांच दिवस बसलों होतों. शिकविणारी मुलीच्या वयाची, अत्यंत प्रेमळ. ती सतरंजीवर एकेक वस्तु ठेवी आणि विचारी. मुलगा अचूक देई. आजी कौतुकानें पाहत असे. तिसऱ्या दिवशीं आजीच्याच ध्यानांत आलें कीं ज्या वस्तूविषयीं विचारावयाचें ती वस्तु बाईंच्या हातून नेहमीं शेवटीं ठेविली जाते. (तें साहजिक आहे, मनांत जी वस्तु, तीच हातांत रेंगाळते.) मुलगा शेवटीं ठेविलेली वस्तु उचलीत होता. पेला, वाटी, चमचा हे शब्द त्याच्या कानांवरून वाऱ्यासारखे जात होते. दुसऱ्या दिवशीं आजीनें तिन्ही वस्तू स्वयंपाकघरांत ताटांत मांडून, वर पंचा घालून ताट आणलें आणि पंचा एकदम काढला. मुलगा गोंधळला, ताटाकडे पाहूं लागला, आणि मग रडूं लागला. आजीलाही रडूं आलें. परंतु त्या घरचें खरें शिक्षण त्या दिवशीं सुरू झालें, असें आम्ही समजतों.

शिकविणाऱ्याच्या नकळत मुलाला खूण मिळते, हा अनुभव नवा नाहीं. बर्लिनमध्यें हान्स नांवाचा एक घोडा खूर आपटून गणितें सोडवी. १९०७ सालीं फुंग्स्ट नांवाच्या अभ्यासकानें दाखवून दिलें कीं, तो घोडा विचारणाऱ्याच्या मानेची बारीकशी हालचाल पाहून थांबत असे. तेव्हां 'पेला' म्हणतांना पेल्याकडे पाहूं नये, त्याच्याकडे झुकूं नये, आणि दिलेला पेला घेण्यासाठीं हात आधींच पुढें करूं नये.

आतां मदत कशी करावी ? मूल चुकलें कीं आपण बोट दाखवितों. शाळामास्तरांची ही हाडांत रुळलेली संवय. परंतु लॉरा श्राइबमन यांच्या १९७५ च्या प्रयोगांत असें दिसलें कीं बोटासारखी बाहेरची खूण या मुलांना बहुधा उपयोगीं पडत नाहीं. मूल बोटच शिकतें, आणि बोट काढलें कीं सर्व जातें. उपयोगीं पडते ती त्या वस्तूच्या पोटांतली, तिच्याच लक्षणांतली खूण. आपल्या बाराखडीचेंच उदाहरण घेऊं. घ आणि ध यांत पुष्कळ मुलें गोंधळतात. भेद एवढाच कीं घच्या डोक्यावर रेघ सलग आहे आणि धची रेघ तुटून तेथें एक लहान गांठ आली आहे. ध लाल शाईनें काढला तर मूल लाल रंग शिकेल. त्याऐवजीं धची गांठच सुपारीएवढी मोठी काढावी, बाकीचें अक्षर फिकें ठेवावें. आणि मग दररोज गांठ थोडी लहान व उरलेलें अक्षर थोडें ठळक करीत जावें, तों शेवटीं पुस्तकांतला ध उरेल. व आणि ब यांत ही युक्ति पोटांतल्या तिरप्या रेघेला लावावी.

ह्या हळूहळू ओसरणाऱ्या मदतीचें मूळ कबुतरांत आहे, हें वाचून कोणास हसूं येईल. हर्बर्ट टेरेस यांनीं १९६३ सालीं कबुतरांना तांबडा व हिरवा दिवा यांतील भेद जवळजवळ एकही चूक न होऊं देतां शिकविला. चुकीचा दिवा पहिल्यानें अगदीं मंद व क्षणभरच दाखवावयाचा आणि क्रमानें वाढवावयाचा. १९६७ सालीं सिडमन व स्टॉडर्ड यांनीं हीच रीत बुद्धिमांद्य असलेल्या मुलांवर चालविली. वर्तुळ व लंबवर्तुळ यांतील भेद त्यांना शिकवावयाचा होता. पहिल्यानें वर्तुळाचीच चौकट उजळ व बाकीच्या काळ्या. मग त्या हळूहळू उजळ. मग त्यांत लंबवर्तुळें अंधुक, आणि शेवटीं ठळक. जीं मुलें नुसत्या विचारण्यानें शिकत नव्हतीं, त्यांतील पुष्कळ या वाटेनें शिकलीं. चूक होऊं देऊन मग ती सुधारणें, ही आमची शाळेची रीत. पण ज्या मुलाची चूकच संवय होऊन बसते, त्याला ती वाट महागांत पडते.

पत्रलेखिका भगिनींना आमची सूचना अशी. वस्तू आड मांडाव्या आणि ताट एकदम पुढें सरकवावें. दर वेळीं जागा बदलाव्या. एकच वस्तु ओळीनें तीन वेळां विचारूं नये. आज दहाही वेळां पेलाच विचारावयाचा हा त्यांच्या बाईंचा क्रम दिसतो. त्यांत मुलाला शब्द ऐकण्याची गरजच पडत नाहीं. आधीं एकेक वस्तु पक्की करून मग मिसळावी, असें जुनीं शिक्षकोपयोगी पुस्तकें सांगत. परंतु २०११ सालीं दोन्ही रीती ताडून पाहणाऱ्यांना तिन्ही शब्द आरंभापासून मिसळून विचारणेंच अधिक लाभाचें दिसलें, आणि आमच्या अल्प अनुभवाशींही तें जुळतें. आरंभींच्या वस्तू अगदीं भिन्न असाव्या, शब्दही भिन्न असावे. 'वाटी' आणि 'पाटी' एकाच दिवशीं घेऊं नये. पळी आणि चमचा हा जोड तर वर्षभर लांबच ठेवावा, तेथें मुंजा मुलगाही फसतो. बरोबर दिल्याबरोबर, त्याच क्षणीं, मुलाला आवडेल तें मिळावें. 'शाबास' हा शब्द आपल्याला गोड, त्याला तो गोड लागतो कीं नाहीं हें पाहावें. आणि कागदावर बरोबर-चूक लिहितांना वस्तु कोणत्या जागीं होती तेंही लिहावें. सोमवारचें कोडें त्या एका रकान्यांतून सुटण्याचा पुष्कळ संभव आहे.

राहतां राहिल्या चापट्या. ज्या लोव्हास यांचें नांव वर आलें, त्यांनीं १९६५ सालीं दोन जुळ्या स्वमग्न मुलांवर विजेच्या धक्क्यांचा प्रयोग केला होता, आणि १९८७ सालीं जो प्रसिद्ध वृत्तान्त त्यांनीं दिला त्यांतही शिक्षेचा भाग होता. आठवड्याला चाळीस तास शिकवून एकोणीसांपैकीं नऊ मुलें सामान्य मुलांबरोबर शाळेंत बसूं लागलीं, असा तो वृत्तान्त. त्यांतील मुलांची वांटणी सोडतीसारख्या निःपक्षपाती रीतीनें झालेली नव्हती, यावरून त्यावर टीकाही पुष्कळ झाली. आज मोठ्या झालेल्या कित्येक स्वमग्न व्यक्ति स्वतः लिहूं लागल्या आहेत, आणि आपल्याला माणसासारखें न शिकवितां सर्कशींतल्या प्राण्यासारखें शिकविलें, अशी त्यांची तक्रार आहे. ती आम्हांस खरी वाटते. भेद शिकविण्याचें तंत्र उपयुक्त आहे. पण मूल कंटाळलें, कानांवर हात ठेवून उठलें, तर त्यालाही तो एक प्रतिसाद समजून पाठ थांबवावा. चाळीस तासांच्या आंकड्यानें कोणत्याही आईनें घाबरून जाऊं नये. आणि चापटीनें मुलगा एक गोष्ट मात्र नक्की शिकेल: चापट मारणारा हात कोणता, हें ओळखणें. तो भेद तो फार लौकर शिकेल.

काय शिकवावें, याविषयींही दोन शब्द. पेला-वाटी हें निमित्त आहे. वर सांगितलेल्या घरीं न्हाणीघरांत फिनेलचें पांढरें पाणी एका जुन्या सरबताच्या बाटलींत ठेविलेलें असे, आणि मुलानें एकदां ती तोंडाला लावली होती. सुदैवानें आई मागेंच होती. त्यानंतर आईनें 'हें दूध, हें फिनेल' असा पाठ सुरू करण्याचें मनांत आणलें. आजीनें तो करूं दिला नाहीं. ज्या भेदांत एकदांही चुकतां कामा नये, तो या मुलाला शिकवीत बसावयाचें नाहीं, फिनेल कुलुपांत ठेवावयाचें, असें ती म्हणाली, आणि त्याच दिवशीं तिनें कपाट करविलें. शिकविण्यास निवडावे ते भेद चुकले तरी निभावणारे आणि साधले तर मुलाला मोकळीक देणारे: आपली चप्पल व दुसऱ्याची, आपल्या मजल्याचा आंकडा, पुरुषांचें शौचालय व स्त्रियांचें.

त्यांतही एका जागीं शिकलेलें दुसऱ्या जागीं जाईलच असें धरूं नये. व्हिक्टरचें पुस्तक आठवावें. स्टीलचा पेला आला म्हणजे कांचेचा, पितळेचा, मावशीकडचा, कान असलेला आणि नसलेला असे आठ-दहा पेले आलटून पालटून घ्यावे. विचारणारेंही बदलावें, आज आई, उद्यां आजोबा, परवां शेजारच्या काकू. त्या घरीं चपलेचा पाठ सध्यां चालूं आहे. दारांतल्या चार जोडांतून मुलगा आपला जोड काढतो. देवळाबाहेरच्या ढिगांतून अद्याप त्याला तो काढतां येत नाहीं. म्हणून आजी आतां दर शनिवारीं त्याला मारुतीला नेते, आणि दर्शन घेऊन आल्यावर पायरीवर बसून राहते.